घोड्याची पाठ भरताना

घोडा आला तेव्हा मी हौदावर गाजरं धूत होते. जानेवारी संपत आला होता. शेलूबाजारच्या बाजाराचा दिवस, त्यामुळे भाऊ आणि भावजय सकाळपासून मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. मोठ्या रस्त्यावरून एक ट्रक आमच्या शेताच्या वाटेला लागला आणि धुऱ्याशी, शेताच्या कडेला, येऊन थांबला. केबिनमधून बाबा उतरले. उतरताना त्यांनी दोन्ही हातांनी दार धरलं होतं, कारण त्यांचा उजवा खुबा तेव्हा पार निकामी झालेला होता.

"दोर धर," ते मला म्हणाले.

आठ महिन्यांनी भेटलेल्या मुलीशी बोललेले ते पहिले शब्द.

बाबांनी पुण्याच्या एका तबेल्यात तीस वर्षं सईस म्हणून काम केलं. शर्यतीचे घोडे धुवायचे, चारायचे, फिरवायचे, शर्यतीच्या दिवशी दोर धरून मैदानात न्यायचे. आदल्या पावसाळ्यात एका नव्या घोड्यानं त्यांना भिंतीशी चेंगरलं. खुब्याचं हाड जुळलं, पण वाकडं. तबेल्यानं त्यांना घरी जायला सांगितलं. निघताना त्यांनी एकच गोष्ट मागितली. शर्यतीतून निवृत्त झालेला एक घोडा, जो त्यांनी चार वर्षं सांभाळला होता, तो मालकाच्या ओळखीच्या कुणाच्या तरी फार्महाउसवर वर्षभर बांधून पडला होता. तिथं त्याच्याकडं कुणी पाहत नव्हतं. बाबांनी तो मागितला आणि मालकानं एका शब्दात देऊन टाकला. नको असलेल्या दोघांची पाठवणी एकाच ट्रकमधून झाली.

फळी लावून त्याला खाली आणलं तेव्हा वाटेवर दहा-बारा माणसं जमली होती. सगळ्यांना चमकदार, माजलेला घोडा पाहायचा होता. उतरला तो गडद तपकिरी रंगाचा, उंच, हाडांचा सापळा. मान खालून फुगलेली आणि वरून खोलगट, जणू कुणी उलटी बसवली असावी. मान संपून पाठ सुरू होते तिथलं हाड कुऱ्हाडीच्या पात्यासारखं वर आलेलं. पाठ मधे बसलेली. पुठ्ठे इतके आत गेले होते की शेपटीच्या दोन्ही बाजूंना वाटीभर पाणी राहिलं असतं.

"हा रेसचा घोडा व्हय?" एक जण म्हणाला. "याच्यापेक्षा त आमची म्हैस जोरात पयन."

सगळे हसले. भाऊ हसला नाही. तो जुडी हातात धरून उभा होता.

"बाबा, हे काय आनलं तुमी? आपल्याइथं दोन बैल होते, थेही इकले. अन् तुमी घोडा घेऊन आले?"

"राहू दे. तुले काई करा लागत नाही."

"मंग कोन करन?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फक्त हात केला. "हे हाये ना."

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. नवऱ्याचं घर सोडून येऊन मला दोन वर्षं झाली होती. मंगरूळपीरच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. दुपारी जीपनं जायचे, संध्याकाळी यायचे. सकाळचा वेळ माझा रिकामा, असं घरातल्यांचं मत होतं. भाजी तोडणं, पाणी देणं, भावाच्या लेकराचं पाहणं, हे काम त्यांच्या हिशेबी कामात येत नव्हतं. माहेरी परत आलेल्या बाईनं 'नाही' म्हणायचं असतं ते लग्नाच्या आधी. मी दोर धरला.

पण मला तो घोडा नको होता, आणि त्याला कारण होतं. आई गेली तेव्हा बाबा तिसऱ्या दिवशी पोचले होते, राख सावडायच्या वेळेला. फोन पहिल्याच दिवशी सकाळी गेला होता. उशीर का झाला, हे त्यांनी स्वतःच सगळ्यांसमोर सांगितलं: घोड्याच्या पुढच्या पायाला सूज होती, दर दोन तासांनी गार पट्टी बदलावी लागत होती, दुसऱ्या कुणाला तो पायाला हात लावू देत नव्हता. तो घोडा हाच. आईनं बाबांच्या मागं तीस वर्षं हा भाजीपाल्याचा मळा एकटीनं ओढला. तिच्या तापल्या कपाळावर त्यांनी कधी पट्टी ठेवल्याचं मला आठवत नाही. आणि आता ते त्या घोड्याला 'बेटा' म्हणत होते. "चाल बेटा, हळू बेटा." आम्हा दोघा भावंडांना त्यांनी आयुष्यात कधी त्या नावानं हाक मारली नव्हती.

पहिला महिना घोड्याला नुसतं खाऊ घालण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी जंताचं औषध दिलं आणि दात कानशीनं घासून दिले. दातांच्या धारदार कडांनी त्याचे गाल आतून सोलले होते, म्हणून तो घास चावून तसाच खाली टाकत होता. नालबंद आला, त्यानं वाढलेले खूर कापून सपाट केले. खाण्याचं बाबांनी खाटेवर बसून एकेक सांगितलं. पहिले पंधरा दिवस दाणा नाही. फक्त वाळलेलं गवत आणि लसूणघास, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. मग भिजवलेला हरभरा, मुठीनं. मग शिजवलेलं जवस.

"सोयाबीन घाला ना पोतंभर," भाऊ म्हणाला. "पंधरा दिवसात फुगते."

"कच्चं सोयाबीन घोड्याले नाही द्याचं. अन् फुगवाचा नाही हाये आपल्याले."

मला तेव्हा फुगणं आणि भरणं यातला फरक कळत नव्हता. एक दिवस सकाळी बाबा काठी टेकत घोड्याजवळ आले आणि त्यांनी माझा हात उचलून त्याच्या पाठीवर ठेवला.

"दाब नोको. नुसता ठेव. काय लागते?"

"हाडं."

"हाडं त कोनालेही लागतीन. हाडाच्या दोन्ही आंगानं काय हाये?"

"खड्डा."

"हां. तो भरा लागते. चरबीनं नाही, मासानं. चरबी खाऊन येते. मास चालून येते, थेही बरोबर चाललं त." त्यांनी काठीच्या टोकानं हवेत रेघ ओढली, घोड्याच्या कानामागून मानेच्या वरच्या कडेनं, पाठीवरून, थेट शेपटीच्या मुळापर्यंत. "याले टॉपलाइन म्हनतेत. हे रेघ सुधरली का घोडा सुधरला."

"किती दिवस लागतीन?"

"दिवस नाही मोजाचे. घाई केली का बिघडते."

बोलता बोलता त्यांचा हात माझ्या हातावर तसाच राहिला होता. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो काढून घेतला.

मार्चमध्ये चालणं सुरू झालं. पहाटे साडेपाचला उठून मी त्याच्या तोंडाला दोराची मोरखी घालायचे आणि पाझर तलावाच्या बांधाकडं न्यायचे. काळ्या मातीत चालवायचं नव्हतं, तिच्यात पाय रुततात आणि घोटे दुखतात. बांधाची वाट मुरमाची होती, थोडी चढाची. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं. मग पंधरा. मग वीस. पळवायचं नाही, दौडवायचं नाही, नुसतं चालायचं, पण रेंगाळत नाही. आणि डोकं खाली हवं. सगळी गोम तिथंच होती. शर्यतीचा घोडा डोकं वर करून, पाठ खोल करून चालायला शिकलेला असतो. त्यानं मान लांब करून खाली सोडली की पोट आत जातं, पाठ वर उचलली जाते आणि मागचे पाय अंगाखाली पुढपर्यंत येतात. तसं तो रोज थोडं थोडं चालला तरच पाठीचं मांस परत येणार होतं. जबरदस्तीनं डोकं खाली ओढून उपयोग नव्हता. त्याला वाटलं पाहिजे.

पहिले तीन आठवडे त्याला काहीही वाटलं नाही. तो आकाशाकडं तोंड करून चालायचा आणि मी त्याच्या नाकाखाली दोर धरून मनातल्या मनात त्याला शिव्या द्यायचे.

चालण्याआधी आणि नंतर व्यायाम होते. पुढच्या दोन पायांच्या मधे गाजर धरायचं, म्हणजे ते घ्यायला तो मान वाकवून खाली नेतो आणि पाठ ताणली जाते. पोटाच्या मधोमध बोटांच्या टोकांनी खाजवायचं, म्हणजे तो आपोआप पाठ वर घेतो. पाच अंक मोजायचे, सोडायचं, पुन्हा. चार पावलं मागं सरकवायचं, सरळ रेषेत. आणि जमिनीवर आडव्या काठ्या टाकून त्यांच्यावरून चालवायचं, म्हणजे तो पाय उचलतो आणि पाहण्यासाठी डोकंही खाली घेतो. काठ्या नव्हत्या, म्हणून मी भावाचे स्प्रिंकलरचे पाइप घेतले. पहिल्याच दिवशी घोड्यानं एकावर पाय दिला आणि तो पिचला.

"ताई, हे खेळनं नाही हाये," भाऊ म्हणाला. "मिरचीले पानी कायनं देऊ, शेपटीनं?"

तो चूक नव्हता. मी बांबू तोडून आणले.

गावातल्या बायका नदीकडं जाताना थांबून पाहायच्या. कुणी तोंडावर बोलायचं नाही. पण भावजय एकदा मेथी निसताना म्हणाली, "लोकं म्हनतेत ताई, नवरा नाही सांभाळता आला, आता घोडा सांभाळून राह्यली." लोक म्हणतात असं म्हणून तिनं ते सांगितलं.  मी हातातली जुडी अशी आवळली की मेथीचे देठ तुटले.

एप्रिलच्या एका सकाळी, बांधाच्या चढावर, घोड्यानं नाकातून मोठा श्वास सोडला आणि मान खाली टाकली. एकदम. त्याचं नाक माझ्या गुडघ्याशी आलं. तो तसाच पुढं चालत राहिला, लांब पावलं टाकत. त्याची पाठ माझ्या डोळ्यांदेखत हलत होती, पाण्यावरची लाट सरकावी तशी. शंभर पावलं असतील. मग पलीकडच्या धुऱ्यावर टिटवी ओरडली आणि तो दचकून पुन्हा आकाशाकडं पाहू लागला. पण मला ती शंभर पावलं पुरली. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. आईबद्दल होतं. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा राग गेला असं नाही, पण तो राग कुणावर आहे ते मला नीट दिसायला लागलं.

बाबांना सांगितलं. "शंभर पावलं?" ते म्हणाले. "उद्या दीडशे कर." आणि त्यांनी कूस बदलली.

ऑगस्टपर्यंत मानेची वरची कड भरत आली होती. हाडाशेजारचे खड्डे माझ्या चार बोटांवरून दोन बोटांवर आले होते. अजून पाठीवर कुणी बसायचं नाही, हे बाबांनी निक्षून सांगितलं होतं. भरतं मांस कच्चं असतं, त्याच्यावर ओझं आलं की पाठ दुखते, आणि दुखरी पाठ घोडा पुन्हा खोल करून धरतो. मग पहिल्यापासून सुरुवात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेतून परतले तेव्हा घोड्याच्या अंगावर घामाचं वाळलेलं पांढरं मीठ होतं. तोंडाच्या कोपऱ्यात रक्त. मी सवयीनं पोटाखाली हात नेला तर त्यानं कान मागं टाकले आणि माझ्या खांद्याजवळ दात वाजवले.

बाबा तिथंच, दहा पावलांवर, खाटेवर बसले होते.

"कोन बसलं होतं याच्यावर?"

"तुहा भाऊ बसला. त्याचे दोस्त आले होते."

"एकटा?"

"दोघं-दोघं बसले. हायवेवरून धाब्यापर्यंत नेला."

"अन् तुमी पाहून राह्यले होते?"

"तो काय माह्यं ऐकते?" बाबांनी खुबा चोळायला सुरुवात केली. "पोरगा हाये. एकडाव बसला त काय झालं?"

"तुमीच म्हनलं होतं ना, कोनीच बसाचं नाही म्हनून?"

त्यांनी तोंड फिरवलं. भाऊ आतून आला. तो खजील नव्हता. "ताई, घोडा बसाले असते. पूजा कराले नसते."

तो तीस वर्षांचा होता, एका लेकराचा बाप. घरात एखादा पुरुष किती वर्षांपर्यंत पोरगा राहतो, हे मी त्या दिवशी शिकले. मी मात्र बाराव्या वर्षी आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसले तेव्हाच मोठी झाले होते.

पुढचे दीड महिने वाया गेले. पाठीला हात लावू देत नव्हता. मी मीठ तापवून शेक दिला, नुसता चरायला सोडला, पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात केली. बाबा त्या काळात मला काही सांगत नसत आणि मी विचारत नसे. मला आता सगळं येत होतं. कुठं थांबायचं, कुठं वळायचं, त्याचा कान कुठल्या दिशेला गेला की तो बुजणार, सगळं. दिवाळीनंतर थंडी पडली आणि तो झपाट्यानं भरू लागला. डिसेंबरमध्ये एका सकाळी मी त्याला खरारा करून उन्हात उभा केला तेव्हा कानापासून शेपटीपर्यंत एक अखंड रेघ होती. कुठं खड्डा नाही, कुठं टोक नाही. पुठ्ठे गोल झाले होते. पाठीवर हात फिरवला तर हाड शोधावं लागत होतं.

बाबा काठी टेकत आले. त्यांनी डोळे मिटून त्याच्या मानेपासून शेवटापर्यंत हात फिरवला. मग दुसऱ्या बाजूनं. मी दोर धरून उभी होते. तीस वर्षं ज्यांनी हेच केलं, त्या माणसाच्या तोंडून काय येतं ते ऐकायचं होतं.

"आता कोनालेही दाखवता येते," ते म्हणाले.

तेवढंच. खरं सांगायचं तर मला तेही पुरेसं वाटलं. दिवसभर मी शाळेत खुशीत होते.

त्याच दिवशी भावानं घोड्याबरोबर फोटो काढून मोबाइलच्या स्टेटसला टाकला. छाती काढून उभा, हातात दोर, खाली लिहिलेलं: अकरा महिन्यांची मेहनत. तो फोटो फिरत फिरत लग्नांना घोडे पुरवणाऱ्या एका माणसाकडं गेला आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो माणूस गाडी घेऊन आमच्या मळ्यात उभा राहिला.

सुट्टी होती म्हणून मी घरी होते. भिजवलेल्या हरभऱ्याची बादली घेऊन मी गोठ्याकडं येत होते. तो माणूस घोड्याभोवती फिरला. दात पाहिले, पाय उचलले. त्याला कळत होतं, हे मान्य करायला हवं. शेवटी त्यानं पाठीवर हात ठेवला आणि मान हलवली.

"पाठ लय मस्त भरली, काका. कोनं केली मेहनत?"

"पोरानं," बाबा म्हणाले.

भाऊ शेजारी उभा होता. त्यानं खाली पाहिलं.

"मी केली," मी म्हणाले.

त्या माणसानं माझ्याकडं पाहिलं, मग बादलीकडं, मग बाबांकडं. बाबांचा चेहरा शांत होता.

"हो," ते म्हणाले. "तिनंही पानी-गिनी पाजलं."

बादली खाली ठेवून मी तिथून निघून गेले. भांडायला हवं होतं. आज इतकी वाक्यं सुचतात. तेव्हा विहिरीशी जाऊन बसले आणि थोड्या वेळानं गाडीची फळी पडल्याचा आवाज ऐकला. घोडा चढत नव्हता. तो माझ्याशिवाय कुणामागं फळीवर चढत नसे. दोन माणसांनी मागून दोर लावून त्याला आत ढकलला, हे मला नंतर भावजयीनं सांगितलं.

संध्याकाळी मी बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"मले इचारलं नाही तुमी."

"तुह्या घरून आनला होता काय?"

"माह्यं घर कोन्तं, बाबा?"

ते तेल लावून खुबा चोळत राहिले. मग म्हणाले, "घोडा लोकायच्या नजरेत पाह्यजे. इथं उभा राहून काय करन? अन् तो मानूस नाचवत नाही. नुसता नवरदेव बसवते. मले शब्द देल्ला त्यानं."

"तुमाले पटला तो शब्द?"

त्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

मे महिन्यात कामरगावला शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं. ऊन उतरल्यावर वरात निघाली. पुढं डीजेची गाडी, तिचा आवाज छातीत बसत होता. मागं घोडा. आरशांची झूल, डोक्यावर तुरा, चारी पायांत घुंगरं. मला पायांवरून तो कळला. मागच्या डाव्या पायावर पांढरा पट्टा होता, अर्ध्यावर तुटलेला.

त्याच्या तोंडात आतून काटे असलेला लगाम होता आणि त्या लगामाचा दोर मागं झुलीच्या पट्ट्याला इतका आखडून बांधला होता की त्याची हनुवटी छातीला चिकटून मान वर टांगल्यासारखी झाली होती. दोर धरलेला माणूस बांबूच्या छडीनं त्याच्या गुडघ्यांवर टकटक मारत होता. मारलं की घोडा पाय उचलायचा. लोक टाळ्या वाजवायचे. नवरदेव वर बसून मोबाइलमध्ये पाहत होता.

वरात एका चौकात थांबली तेव्हा मी जवळ गेले. त्यानं मला ओळखलं असं लिहावंसं वाटतं, पण त्यानं ओळखलं नाही. मी झुलीखाली हात घातला. पाठ गरम होती. हाडं लागली. हाडाच्या शेजारी माझी तीन बोटं आत गेली. पुढं एके ठिकाणी ओलं लागलं. हात बाहेर काढला तर बोटांना पू होता. मी पोटाखाली, जिथं खाजवलं की तो पाठ उचलायचा, तिथं बोटं टेकवली. त्यानं पाठ उचलली नाही. त्यानं मागचा पाय झाडला.

"ओ बाई, मांगं व्हा! लागन," दोरवाला ओरडला.

"दोर सैल कर," मी म्हणाले.

"काय?"

"डोक्याचा दोर. वरात थांबली तोवर सैल कर. एवढं डोकं आखडून श्वास कसा घेईन तो?"

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. त्यानं दोर सैल केला. घोड्यानं मान खाली टाकली, नाक जमिनीला लागेपर्यंत, आणि तसाच उभा राहिला. डोळे अर्धे मिटलेले. चार-पाच मिनिटं असतील.

"कोनाचा हाये आता?" मी विचारलं. ज्यानं बाबांना शब्द दिला होता तो यात कुठंच नव्हता. त्यानं महिन्याभरातच घोडा पुढं विकला होता. हा दोरवाला तर दुसऱ्याच कुणाकडं रोजानं होता. त्याला घोड्याचं याहून जास्त काही माहीत नव्हतं, शर्यतीत पळला होता हेसुद्धा. "रेसचा?" तो हसला. "हा?"

डीजे पुन्हा सुरू झाला. त्यानं दोर आखडला. मी न जेवता जीपनं परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाटेवर बसून कोथिंबीर निवडत होते. मी समोर बसले आणि सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला जसं पाहायला शिकवलं होतं तसं, डोक्यापासून शेपटीपर्यंत, एकेक. काटेरी लगाम. जबडा सुजलेला. मान खालून फुगलेली, वरून बसलेली. पाठ खोल. पुढं जखम, पू आलेला.

"पुठ्ठा?" त्यांनी विचारलं. वर न पाहता.

"गेला. पहिल्यासारखा. त्याच्याहून खराब."

"मांगचे पाय खाली घेते का?"

"नाही. ओढते."

ते कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिले. मग म्हणाले, "तू कायले हात लावला?"

"म्हंजे?"

"मी तीस वर्षांत लय घोडे पाठवले. कोनी लंगडा झाला, कोनी म्हातारा झाला. ट्रकात चढवून देल्ले. एकालेही मागून पाहाले गेलो नाही. कोठी गेला, इचारलंही नाही. म्हनून तीस वर्षं काम जमलं." त्यांनी निवडलेली जुडी बाजूला ठेवली. "पाहाचं नसते."

"याले त तुमी मागून आनला होता."

"थेच चुकलं."

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. पण त्यांच्या डोळ्यांत काही दिसेना. त्यांनी पुढची जुडी ओढून घेतली.

आईच्या वेळीही त्यांना हेच, न पाहणं, जमलं असणार. पोचायला तीन दिवस लागले नव्हते, त्यांनी लावले होते. हे मला कळलं, आणि कळल्यामुळं मन हलकं झालं नाही. उलट त्या दिवसापर्यंत मी घोड्याच्या सुजलेल्या पायावर जो दोष ढकलत होते तो आता कुठं ढकलायलाही जागा राहिली नाही.

त्यानंतर दोन वेळा मी घोड्याचा शोध घेतला. दोरवाल्याचा नंबर बंद होता. लग्नाच्या मांडववाल्यांना विचारलं, कुणी अकोल्याचं नाव घेतलं, कुणी यवतमाळचं. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, सोड ना आता." या वेळी त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. एवढंच.

जूनमध्ये मी मंगरूळपीरला एक खोली घेतली. लांब नाही, जीपनं अर्धा तास. निघताना बाबा म्हणाले, "येजो." मी जाते, महिन्यातून एकदा. त्यांचा खुबा आणखी वाकलाय. भावजय त्यांचं सगळं नीट करते, हे सांगायला हवं.

तालुक्याचे डॉक्टर त्या अकरा महिन्यांत घोडा पाहून गेले होते. तो कुणी घडवला, हे ठाऊक असलेलं आणि घोड्यातलं कळणारं घराबाहेरचं माणूस तेवढंच. ते अधूनमधून कुणाला तरी माझ्याकडं पाठवतात. कुणाच्या घोडीची पाठ बसलेली असते, कुणाचं शिंगरू नीट वाढत नसतं. मी रविवारी जाते. आधी विचारते, भरल्यावर काय करणार? बहुतेक जण खरं सांगत नाहीत आणि ते लगेच कळतं. मग मी चारा-पाण्याचं सांगून परत येते. दोर हातात घेत नाही.

घरी गेले की बाबा विचारतात, "कोनाचा घोडा पाह्यला?"

"तुमी ओळखत नाही," मी सांगते.